एका झाडाला एकच हात

पूनम सागर, मीरा रोड
९ जानेवारी २००६

सुरुचीस,

तुझं पत्र मिळालं. चार ओळींचं पत्र, त्यातल्या तीन ओळी झाडाच्या. मी जगलेय की मेलेय हे विचारलं नाहीस, ते एक बरं केलंस, उत्तर द्यायचा त्रास वाचला. वर "ती. आईंस सा. न." लिहायला मात्र विसरली नाहीस. तुला वळण चांगलं आहे, ते मी कधीच नाकारलं नाही.

सासू फोन का करत नाही, असं मनात येईल. दोनदा केला. दोन्ही वेळा तुझ्या भावाने उचलला आणि "ताई झोपलीय" म्हणाला. भर सकाळी अकरा वाजता. माझ्या घरात तीन वर्षं होतीस, दिवस वर आल्यावर झोपलेली मी तुला कधी पाहिली नाही. म्हणून लिहितेय. कागद निदान झोपलीय म्हणत नाही.

आता झाडाचं. तुमच्या खोलीच्या खिडकीतली पीस लिली तू मागतेयस. यतीनने लग्नानंतर तुला आणून दिलेली, तेव्हा ती तुझी, मान्य आहे. शांतीचं झाड आहे म्हणाला होता. मी म्हटलं होतं, एका स्वयंपाकघरात दोन बायका असल्यावर एका झाडाने काय होणार, दोन-चार आण. तू तेव्हा हसली होतीस.

पण तू काय मागतेयस ते तुला ठाऊक आहे का? यतीन ऑगस्टात गेला आणि दिवाळी होईपर्यंत लिलीची सगळी पानं कुंडीच्या काठावरून खाली लोंबायला लागली होती. तू बॅग घेऊन दारात उभी राहिलीस आणि म्हणालीस, "आई, तुम्ही मुद्दाम वाळवलीत ती. त्याचं काहीच माझ्याकडे राहू द्यायचं नव्हतं तुम्हाला." त्यावर मी काय बोलले ते इथे लिहीत नाही. विमलाबाईंनी शेजारून ऐकलंय, तेवढं पुरे झालं.

मी वाळवली नाही. पोटच्या मुलाने आणलेलं झाड कुठली आई वाळवेल? खोली तुमची, खिडकी तुमची, मला तर वाटत होतं तुझंच लक्ष नाही.

तू चिपळूणला गेल्यावर एकेक पान पिवळं होऊन गळायला लागलं. शेवटी एकच उरलं. तेव्हा मी कुंडी पिशवीत घातली, शेअर रिक्षाने काशीमीराला गेले, तिथून ठाण्याची बस धरली आणि चेण्याला उतरले, यतीन कामाला होता त्या ग्रीनहाऊसवर. हो, मीच. बी. कॉम. झालेला मुलगा ऑफिसांना भाड्याने कुंड्या पुरवतो, ही झाडांची हमाली आहे, असं चारचौघांत म्हणणारी मी. त्याच्या हयातीत एकदाही पाऊल ठेवलं नव्हतं तिथे.

लवू होता. तुला आठवत असेल, यतीनबरोबर टेम्पोत कुंड्या चढवायचा तो, चेण्याचाच आहे. त्याने बघितलं आणि म्हणाला, "मावशी, यात काय न्हाय ऱ्हायलं. टाक उकिरड्यावर." मी म्हटलं, तुझं मत विचारायला मी दोन वाहनं बदलून आलेली नाही, ठेवायला जागा दाखव.

तेव्हा झाड आत्ता देण्यासारखं नाही. जगलं तर तुझं. माझा शब्द आहे.

मंदा काशीनाथ मांडवकर


मीरा रोड
५ फेब्रुवारी २००६

सुरुचीस,

आधी झाडाचं लिहिते, कारण तुला तेवढंच वाचायचं असतं.

त्या ग्रीनहाऊसला लवू मांडव म्हणतो, आणि मांडवच आहे तो. वर प्लास्टिक, बाजूला हिरवी जाळी, आणि हवेत ओल राहावी म्हणून चारी बाजूंनी भिजवलेली गोणपाटं टांगलेली. आत शिरलं की भाताच्या पातेल्यावरचं झाकण काढल्यासारखं तोंडावर येतं. अंधेरीच्या ऑफिसांतून झाडं परत येतात ती आधी मागच्या कोपऱ्यात ठेवतात. तिथे ऊन नाही, खत नाही, कोणी हात लावायचा नाही, पाणी अगदी बेताचं. यतीन त्या कोपऱ्याला सुतक म्हणायचा. "लवू, हा पाम सुतकात घाल." झाड हादरलेलं असतं, त्याला आल्या आल्या कोडकौतुक केलं तर मरतं, म्हणायचा. हे मला लवूने सांगितलं. माझा मुलगा असं काही बोलायचा हे मला माहीतच नव्हतं. घरी तो जेवण झालं की बातम्या बघत झोपायचा.

आपली लिली त्याच कोपऱ्यात गेली. पण त्याआधी लवूने ती कुंडीतून उपटली. मी ओरडलेच. त्याने मुळं माझ्या नाकाखाली धरली. काळी, चिकट, आणि वास असा की गटार उघडलं. म्हणाला, "हिला तहान न्हवती लागली मावशी. हिला बुडवलीय."

मी त्याला सुनावलं. म्हटलं, सकाळी देवाला पाणी ठेवताना एक तांब्या मी तिच्यात ओतायचे, एक. तू अंघोळीला गेलेली असायचीस तेव्हा. पानं मान टाकत होती म्हणून ओतायचे. एका तांब्याने कोणी बुडतं का? तो म्हणाला, एकाने न्हाय सडत. आणि पाणी जास्त झालं की मुळं कुजतात, मुळं कुजली की पाणी वर चढत नाही, मग पान तहानेल्यासारखंच मान टाकतं. बघणाऱ्याला वाटतं सुकलं. तो आणखी ओततो.

त्याने ब्लेडने कुजकं सगळं कापलं. मी कापलेल्या जागी हळद लावली, लवू हसला, पण लावू दिली. एक बोटाएवढा गड्डा आणि ते एक पान राहिलं. कोळशाचा चुरा, विटेचे तुकडे आणि नारळाचा भुसा घालून लहान कुंडीत लावलं आणि वर प्लास्टिकची पिशवी उलटी घातली.

मी रोज जाते. हंसाबेन, म्हणजे धंद्याच्या मालकीणबाई, परवा मला बघून म्हणाल्या, "मंदाबेन, रोज आती हो तो काम ही कर लो." तेव्हापासून सुतकाचा कोपरा माझ्याकडे आहे. ऑफिसातले साहेब लोक कुंडीत उरलेला चहा ओततात. एका ड्रॅसिनाच्या मातीतून मी मूठभर स्टेपलरच्या पिना काढल्या.

आता विचारते ते नीट वाच आणि खरं लिही. मी एक तांब्या ओतत होते. तूही ओतत होतीस का?

मंदा मांडवकर


मीरा रोड
११ मार्च २००६

सुरुची,

पत्र वाचून मी तशीच बसून राहिले. विमलाबाई वाटी परत द्यायला आल्या आणि मला बघून वाटी ठेवून निघून गेल्या.

रोज रात्री झोपायच्या आधी. मी आत दिवा मालवला की तू उठून बाटलीभर पाणी घालायचीस. आणि मला कळू द्यायचं नाही, कारण मी म्हणेन एवढं दुःख झालंय आणि हिला झाडं सुचतायत. हे तू लिहिलंस. मी तसं म्हटलंही असतं गं. माझं तोंड तुला माहीत आहे.

आणि पुढचं वाक्य. "ह्यांनीच सांगितलं होतं हॉस्पिटलमध्ये, लिलीला पाणी घालत जा म्हणून."

सुरुची, त्याने मलाही सांगितलं होतं.

आठवतं ना, पुराच्या पाण्यातून अंधेरीहून चालत आला आणि आठवड्याने ताप चढला. हॉस्पिटलात एकाच माणसाला थांबू द्यायचे. दिवसा मी, रात्री तू. आपण फाटकात भेटायचो. मी तुला घराची किल्ली द्यायचे, तू मला रिकामा डबा द्यायचीस. "झोपलाय." "दोन घास खाल्ले." ह्यापलीकडे आपण काय बोललो त्या दिवसांत? एका माणसासाठी दोघी जीव टाकत होतो आणि फाटकात उभ्या राहून डब्याबद्दल बोलत होतो.

डोळे पिवळे झाले होते त्याचे तेव्हा. मी चमच्याने पेज भरवत होते. म्हणाला, "आई, खिडकीतल्या झाडाला पाणी घाल हां." मी म्हटलं, घालते रे बाबा, तू आधी हे गिळ. मला वाटलं, तू रात्रभर इथे जागतेस, तुला कुठे जमणार, म्हणून मला सांगतोय. तुला काय वाटलं असेल ते आता कळतंय. तुला वाटलं, बायको म्हणून तुझ्यावर सोपवतोय.

तो गेल्यावर मी एकही दिवस चुकवला नाही. तूही नाही. मान टाकलेली दिसली की मी अर्धा तांब्या जास्त. तूही तेच. आणि दोघी मनात म्हणत होतो, दुसरीला काही पडलेली नाही.

लवूला सांगितलं. त्याने विडी काढली, परत खिशात ठेवली. म्हणाला, मांडवात यतीनचा एकच कडक कायदा होता. एका झाडाला एकच हात. ज्याची रांग त्यानेच पाणी घालायचं. दुसऱ्याने प्रेमानेसुद्धा नाही. हंसाबेनने एकदा येता जाता पाईप धरला तर मालकिणीच्या हातातून पाईप काढून घेतला होता त्याने.

मग आपल्या दोघींना का सांगितलं त्याने? तापात विसरला असेल, मी सांगितलंय हे? का माझ्यावर भरवसा नव्हता? का तुझ्यावर नव्हता? मी ह्यावर डोकं फोडतेय. तुला काय वाटतं ते लिही.

त्या दिवशी दारात मी तुला जे बोलले, की जिचं जिवंत माणसाकडे लक्ष नव्हतं ती झाडाकडे काय बघणार, ते तसं नव्हतं. हे आता तरी लिहायला हवं. रात्र रात्र तू त्या लाकडी बाकावर बसून काढलीस.

पिशवीच्या आत काल एक टोक दिसलं. हिरवं, गुंडाळलेलं, सुईएवढं. मी लवूला दाखवलं नाही. दृष्ट लागते.

आई


मीरा रोड
२८ मे २००६

चि. सुरुची,

तुझ्या भावाचा फोन आला होता. या वेळी त्याने स्वतःहून केला म्हणजे काहीतरी असणार, हे मी ओळखलं. फार आढेवेढे घेत होता बिचारा. नाशिकचा मुलगा, बँकेत, नीरज नाव, पहिली बायको बाळंतपणात गेली, मूल नाही. "तुमचं मत काय मावशी?" मी म्हटलं, माझं मत विचारायला मी तिचे आईबाप आहे का? तर म्हणाला, ताई म्हणते मांडवकरआईंना विचारल्याशिवाय मी मुलगा बघणार नाही.

असं करतात का गं? मला न सांगता सवरता एवढ्या मोठ्या जागी बसवलंस.

ऐक. यतीनचे वडील गेले तेव्हा मी एकतीस वर्षांची होते आणि यतीन शाळेत जायला लागला होता. मला कोणी विचारलं नाही. नको असतं तर मी नाही म्हटलं असतं, पण विचारलंच नाही कोणी. कपाटातली रंगीत लुगडी जावांनी वाटून घेतली आणि विषय संपला. म्हणून तुला सांगते, मुलगा बघ. नाकीडोळी नीट असेल, दारू पीत नसेल आणि बोलताना तुझ्याकडे बघत असेल तर हो म्हण. माझ्याकडे बघून थांबू नकोस. मी कुठे पळून जात नाही.

लिलीचं म्हणशील तर अजून तयार नाही. पानं आलीत, पण तशी फार नाहीत. लहान कुंडी पुरेना म्हणून मोठी घ्यावी लागली, तेवढंच. सुतकातून काढून पुढच्या रांगेत ठेवलीय. तिथे मला येता जाता दिसते. पण उन्हाळ्यात झाड हलवू नये, वाटेत एसटीच्या टपावर भाजून जाईल. पाऊस लागला की बघू.

इथे माझं बरं चाललंय. लवू मला डॉक्टरीणबाई म्हणतो. कालच एक ॲग्लोनिमा आली, एसीच्या झोतात ठेवून पानांच्या कडा पार जळलेल्या. मी तिला कोपऱ्यात ठेवली आणि म्हटलं, बस गप इथे, कोणी काही विचारणार नाही तुला. बोलते मी त्यांच्याशी. घरी कोणाशी बोलू?

तू विचारलंस, झाडाला आता पाणी कोण घालतं. मी. एकटी. कोणाला हात लावू देत नाही.

आई


मीरा रोड
२० ऑगस्ट २००६

चि. सुरुची,

यतीनचं वर्षश्राद्ध झालं. तू येशील असं वाटलं होतं. पान वाढलं होतं तुझं, अळूवडी केली होती. आली नाहीस. भावाने सोडलं नसेल, नव्या सोयरिकीत जुनं श्राद्ध कशाला, असं कोणी म्हटलं असेल. मी कोणाला दोष देत नाही.

पण त्याच दिवशी तू चेण्याला हंसाबेनच्या फोनवर फोन केलास, मला घरी नाही. मी नसणार हे माहीत असताना. आणि लवूला विचारलंस, लिली कशी आहे. त्या गाढवाने सांगितलं, "येकदम झक्कास वैनी, फूल आलंय, जुलैपासनं फुलतेय." आणि तू मला पत्रात लिहितेस, "आई, तयार आहे ना मग? की द्यायची नाही?"

लवूचं काय ऐकतेस? फूल आलं म्हणजे तब्येत सुधारली असं नसतं. मरायला टेकलेलं झाडही फुलतं, जाता जाता. हे यतीनच म्हणायचा, लवूनेच सांगितलं मला. हंसाबेनपण काहीही बोलतात. "ये तो मस्त हो गया, इसको अंधेरी भेजो, बड़े साहब की केबिन में." मी ती गोणपाटाच्या मागे नेऊन ठेवली. ऑफिसात पाठवतायत. चहा ओततील तिच्यात.

मुळं अजून नाजूक आहेत. पावसात प्रवास नको. गणपती होऊ दे.

लवू म्हणतो, दोन कर, एक वैनीला एक तुला, लिलीचे गड्डे सुटे करतात. मी माती बाजूला करून बघितलं. एकच गड्डा आहे. बाजूला कोंब फुटलेला नाही. कापली तर दोन्हीकडे मरेल.

नीरजला भेटलीस हे वाचून बरं वाटलं. बोलताना तुझ्याकडे बघतो, म्हणतेस. बरं झालं.

रागावू नकोस. मी शब्द दिलाय तो दिलाय.

आई


मीरा रोड
३ डिसेंबर २००६, रविवार

सुरुची बाळा,

किल्ली विमलाबाईंकडून घेतली असशील. लिली टेबलावर आहे आणि तिच्या कुंडीखाली हे पत्र. कालपासून पाणी दिलेलं नाही, गाडीत माती जड नको. काळजी करू नकोस, तिला दोन दिवस काही होत नाही.

मी घरात नाही. चेण्याला गेलेय. रविवारी तिथे कोणी नसतं, तरी गेलेय. रागाने नाही गं. लग्नानंतर जावई पहिल्यांदा दारात येणार आणि सासू घर बंद करून गेली, असं त्यांना वाटू देऊ नकोस. डब्यात बेसनाचे लाडू आहेत, चहाचं सामान ओट्यावर काढून ठेवलंय, दूध विमलाबाईंच्या फ्रीजमध्ये. दोघांनी खाऊन, बसून मग निघा. हॉलमध्ये यतीनचा फोटो आहे. तो मी काढून ठेवणार होते, मग ठेवला. त्यांनाही कळू दे कोणाच्या घरी आलेत ते.

मी समोर असते तर म्हणाले असते, अजून तयार नाही, संक्रांतीला ये. संक्रांतीला म्हटलं असतं होळीला ये. आणि तू "हो आई" म्हणून नुसती निघून गेली असतीस. मला माझं माहीत आहे.

मे महिन्यातच ती तयार होती. एसटीने नेली असतीस तरी काही झालं नसतं तिला. मी सकाळी मांडवात गेले की आधी तिच्याकडे जायचे आणि मातीत बोट घालायचे. दुसरं काय होतं मला उठून करायला? नवीन पान उलगडत असलं की मी चपला न काढता तशीच तिच्यासमोर बसायचे. तू नाशिकला नेलीस की त्याचं शेवटचं काही उरणार नाही माझ्याकडे, असं वाटायचं. तू दारात मला जे बोलली होतीस ना, की त्याचं काहीच तुझ्याकडे राहू द्यायचं नव्हतं मला. तेव्हा ते खोटं होतं. मग मीच ते खरं करून दाखवत होते.

गेल्या पत्रात तू लिहिलंस, नीरजरावांनी पूर्वेची खिडकी रिकामी करून ठेवलीय आणि दोनदा विचारलं, झाड कधी येणार. ते वाचलं आणि मी लवूला म्हटलं, जुनी मातीची कुंडी काढ, यतीनच्या हातची. लवू म्हणाला, "देतेस मग?" मी म्हटलं, तिचीच आहे, मी कोण देणारी.

आता नीट ऐक. नाशिकची हवा कोरडी असते. एका ताटलीत खडे घाल, त्यात थोडं पाणी, आणि कुंडी खड्यांवर ठेव, पाण्यात नाही. भर ऊन नको. फूल हिरवट व्हायला लागलं की दांडा बुडाशी काप, जीव अडकवून ठेवू नकोस. पान मान टाकताना दिसलं तर तांब्या घेऊन धावू नकोस. आधी बोट मातीत घाल. बोट कोरडं आलं तरच पाणी. आणि पाणी तूच घालायचं. नीरजरावांना आजच सांग, तुम्ही खिडकी दिलीत तेवढं फार झालं, पाण्याला हात लावायचा नाही. घरात पुढे लेकरं होतील, त्यांनाही नाही.

कधी पानं पिवळी पडली, काही केल्या सुधारेनाशी झाली, तर तिला इथे घेऊन ये. आपल्या कोपऱ्यात ठेवू. झाडाचं निमित्त नसलं तरी ये. दिवाळीला भाऊ बोलावेल की नाही ते मला माहीत नाही, मी बोलावतेय. तुझं पान मी वाढत जाईन.

मार्चमध्ये मी तुला विचारलं होतं, त्याने आपल्या दोघींना का सांगितलं. तू उत्तर दिलं नाहीस, टाळलंस. मी रोज मुळं धुता धुता विचार केला त्याचा. एका झाडावर दोन हात पडले की काय होतं, हे त्याच्याइतकं कोणाला ठाऊक नव्हतं. तापात तो बाकी काही विसरला असेल, हे विसरणार नाही. मला वाटतं, त्याला झाडाची काळजी नव्हतीच. तो गेल्यावर दुसऱ्या दिवशी सकाळी आई कशासाठी उठेल, रात्री सुरुची एकटी खोलीत काय करेल, ह्याची होती. म्हणून मला एक काम दिलं, तुला एक काम दिलं. झाड एकच होतं बिचाऱ्याकडे.

झालं, मी उठले. माझ्याकडे आता अख्खा कोपरा आहे. तुझ्याकडेही नवं घर आहे.

एक काम कर माझं. तो तुझ्या स्वप्नात आला तर त्याला सांग, आई आता पाणी घालत नाही, तू सांगितलंस तसं ती पुष्कळ दिवस घालत होती. मीच सांगितलं असतं, पण माझ्याकडे तो येत नाही.

तुझी,
आई